सोमवारी शहाणं, शनिवारी उनाड

रविवार, २ नोव्हेंबर

ती. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात माझ्या हातून एक गोष्ट चुकीची लिहिली गेली. ती आधी दुरुस्त करते, मग खुशाली. 'प्रदर्शनासाठी तुम्ही दिलेलं उनाड घड्याळ रोज वीसेक सेकंद मागे पडतं, तुमचंच खरं होतं' असं मी कळवलं होतं. ते खरं नाही. उनाड मागे पडत नाही. मी ते चुकीच्या घड्याळाशी ताडून पाहिलं.

झालं असं. आमच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर लोकांचे थर्मामीटर तपासते, पण घरचं घड्याळ हातात आल्यावर शिकलेलं सगळं विसरले. व्हरांड्यातल्या मोठ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि फरक लिहून मोकळी झाले. आपल्या घरात घड्याळ जितकं उंच टांगलेलं, तितकं ते खरं, असंच आपण धरून चालतो. मनगटावरचं आपलं, म्हणून तेच चुकलेलं. गेल्या सोमवारी आमचा शिपाई स्टुलावर चढला आणि त्याने ते भिंतीवरचं घड्याळ अडीच मिनिटं मागे घेतलं. म्हणाला, दर सोमवारी घ्यावंच लागतं, पुढे पळतं. मी खिशातून उनाड काढून पाहिलं. दोन्हींचे काटे अगदी जुळले होते, आणि उनाडला तर मी हातही लावला नव्हता.

तेव्हापासून रोज रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी ताडते आहे. आजचा सातवा दिवस. सात दिवसांत उनाड साडेतीन सेकंद पुढे गेलं आहे. मामा, मिनिटं नव्हे, सेकंद. मी तीनदा मोजलं. उद्या ते प्रदर्शनात द्यायचं आहे.

मग तुमची ती ठिपक्यांची वही उघडली. तुम्हाला तेव्हा अक्षरं येत नव्हती, म्हणून सोमवारला एक ठिपका, शनिवारला सहा, आणि पुढे मिलच्या भोंग्याशी पडलेला फरक, अशी ती वही. बाकीची घड्याळं तुम्ही रोज भोंग्यावर लावायचात, त्यामुळे ती सगळी गुणी दिसतात. उनाडवर मात्र तुम्ही रुसला होतात. चार आठवडे नुसती चावी दिलीत, काटे हलवले नाहीत. त्या चारही आठवड्यांत ते सोमवारी बरोबर, मंगळवारी पाऊण मिनिट मागे, असं करत शनिवारी पावणेचार मिनिटं मागे. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा बरोबर. मला सांगा, कुठलं घड्याळ रविवारी घरी बसून आपोआप सुधारतं?

तुम्ही भोंगेकाकांना एवढंच विचाराल का, की मिलचं घड्याळ कोणत्या वारी लावलं जायचं? ते टाइमकीपर होते, त्यांना आठवत असेल. माझा अंदाज चुकला तर मी तसंही कळवीन.

आणि एक विनंती. माझ्या त्या चुकीच्या पत्रावर विसंबून उनाडचं काही ठरवलं असेल, तर थांबा. माझ्यासाठी नवं घड्याळ घ्यायचं तुमच्या मनात आहे हे मामीने फोनवर बोलून टाकलं. नोकरीत कायम झाले म्हणजे लगेच चमकणारं मनगट हवंच असं नाही. तुमचं एका दिवसाच्या मजुरीतलं ते शेंबडं घड्याळ मी सध्या वापरते. सकाळी काचेखाली वाफ धरते आणि दुपारपर्यंत नाक पुसल्यासारखं स्वच्छ होतं. मला त्याची सवय झाली आहे.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, त्याला रोज चावी देत राहावी.

तुमची,
भाची

—

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चि. मापाडीबाईंस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, पोरगी कामात इतकी काटेकोर झाली आहे की आता आमच्या पोळ्यांचा व्यासही मोजेल. मी म्हटलं, मोजू दे, वाकड्याच असतात.

आता उनाडचं. तुझा जीव आहे त्या घड्याळावर, म्हणून तुला ते साडेतीन सेकंद दिसतात. मला त्याने सबंध पाळीसमोर जे दाखवलं ते मी विसरलो नाही. तू तेव्हा जन्मली नव्हतीस. महिनाभर ओव्हरटाइम करून मी ते घेतलं. त्याआधी माझी सगळी घड्याळं फुटपाथवरची, दिवसाच्या मजुरीत बसणारी, कुणाचा काटा लंगडा तर कुणाची तबकडी पिवळी. घासूनपुसून, तेलपाणी करून चालवायचो, त्यातच मजा होती. हे मात्र पेटीतून आलेलं. पहिल्याच शनिवारी ते बांधून ऐटीत निघालो. मनगटावर सातला दोन मिनिटं कमी, आणि समोर भोंगा संपून गेट बंद. मी हात वर करून घड्याळ दाखवतो आहे आणि आतून जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, म्हणतो आहे, साहेबांना वेगळी वेळ दिली आहे वाटतं. अख्खी पाळी हसली. अर्धा दिवस गेला त्याचं काही नाही. पण पुढे वर्षभर मी दिसलो की कुणीतरी किती वाजले विचारायचं. त्याला उनाड हे नाव भोंग्यानेच ठेवलं. तेव्हापासून मी महाग घड्याळाला हात लावला नाही. आपली मिळकत दिवसाच्या मजुरीची, आपलं घड्याळही त्यातलंच.

तुझा प्रश्न काल बाकावर पत्ते खेळताना भोंग्याला विचारला. त्याने हातातला पत्ता खाली टाकला, तोही हुकमाचा, आणि डोकं दुखतं म्हणून डाव अर्धवट सोडून घरी गेला. सव्वीस वर्षांत तो डाव सोडून उठलेला मी पाहिला नाही. त्याची तब्येत बरी नसावी. उद्या बघून येतो.

राहिलं तुझं नवं घड्याळ. तुमच्या शहरातल्या त्या जुन्या घड्याळांच्या दुकानदाराशी माझं बोलणं झालं आहे. उनाड सुट्या भागांसाठी तो घेतो आणि बदल्यात तुझ्यासाठी एक नाजूक, नवंकोरं देतो. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी हो म्हटलं. गुरुवारी, तेरा तारखेला तो तुझ्याकडे येईल, त्याला उनाड देऊन टाक. प्रदर्शनातून काढून घेतलंस तरी चालेल, तिथे त्या दातांच्या डॉक्टरांच्या महागड्या घड्याळांशेजारी ते उगाच पाहुण्यासारखं बसलं असेल. मी शब्द दिला आहे, बाई. शब्द काही चावीवर चालत नाही, की पुढेमागे केला.

लोभ वाढव, वजन वाढव, काळजी कमी कर.

तुझा,
मामा

—

शनिवार, ८ नोव्हेंबर

चि. मुलीस,
आशीर्वाद.

तुझा मामा मला भोंग्या म्हणतो तोच मी. पत्र लिहायची सवय नाही. मिलमध्ये असताना फक्त वेळ लिहायचो.

तू विचारलंस त्याचं उत्तर: सोमवारी. टाइम ऑफिसचं घड्याळ रोज पाऊण मिनिट पुढे पळायचं. खरी वेळ सांगणारा रेडिओ इंजिनिअरसाहेबांच्या केबिनमध्ये होता आणि ती केबिन सोमवारी सकाळीच उघडायची. मी एकदा तक्रार केली. साहेब म्हणाले, भोंगा चार मिनिटं आधी वाजला तर माणसं चार मिनिटं आधी येतील, आपलं काय बिघडलं. मी नवा होतो. गप्प बसलो.

त्या शनिवारी तुझा मामा मनगट वर करून गेटबाहेर उभा होता तेव्हा मी वरच्या खिडकीत होतो. त्याचं घड्याळ मला दिसत नव्हतं, पण ते बरोबर असणार हे मला माहीत होतं. सगळे हसले म्हणून मीही हसलो. आणि मला कुणी विचारायच्या आधी मीच त्या घड्याळाला नाव ठेवून दिलं. नाव चिकटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

मग आमची मैत्री झाली. रोज सांगेन म्हणायचो. सव्वीस वर्षं रोज पत्ते वाटले, हे तेवढं सांगितलं नाही. आज सांगितलं, बाकावर, चौघांसमोर. तो बराच वेळ पत्ते पिसत राहिला. मग गड्डी माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "भोंग्या, वाट."

तुझ्या लोभाचा हक्क मी सांगत नाही. दिलास तर घेईन.

टाइमकीपर

ता. क. (मामाच्या हातचं) खाली कागद उरला होता म्हणून लिहितो. मी भोंग्याच्याच घरी बसलो आहे, तो चहा टाकायला आत गेला आहे. वर लिहिलेलं वाचलं. दुकानदाराला मी शब्द दिला आहे आणि तो मोडायला मला सांगू नकोस. पण घड्याळ तुझ्या हातात आहे आणि मापही. योग्य वाटेल ते कर. आज सकाळपासून माझ्या कानात ते टिकटिक करतं आहे.

—

रविवार, १६ नोव्हेंबर

ती. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

गुरुवारी दुकानदार आला. प्रदर्शनातल्या घड्याळांची परीक्षा आदल्या दिवशीच संपली होती, म्हणून उनाड मी त्या दिवसापुरतं घरी आणलं होतं. मी रात्रभर काय बोलायचं ते पाठ केलं होतं, आणि तो दारात उभा राहिल्यावर त्यातलं एक अक्षर आठवेना. शेवटी सरळ सांगितलं, की माझे मामा शब्दाला पक्के आहेत, पण तो शब्द त्यांनी माझ्या चुकीच्या मापावर दिला. घड्याळ बिघडलेलं आहे असं मी कळवलं होतं, ते बिघडलेलं नाही. ही चूक माझी, तिचा फायदा तुम्ही घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. त्याने घड्याळ कानाला लावलं, मग खिशातून भिंग काढून मागचं झाकण उघडून पाहिलं, पुन्हा कानाला लावलं. म्हणाला, सुटे भाग म्हणून ठरलेला माल चालू निघाला तर तो सौदा झालाच नाही, आमच्या धंद्यात असंच धरतात. मग हळूच म्हणाला, की अख्खं विकायचं असेल तर ठरल्याच्या आठपट किंमत देतो. मी म्हटलं, मालकांना विचारावं लागेल. म्हणजे तुमचा शब्द मोडला नाही, मामा, त्यानेच तो सोडला.

दुसरी गोष्ट प्रदर्शनाची. 'तीन खिसे' असं त्याचं नाव होतं हे तुम्हाला माहीतच आहे: दिवसाच्या मजुरीतली घड्याळं, महिन्याच्या पगारातली, आणि ज्यांच्या खिशाला तळच नाही त्यांची. चावीच्या सगळ्या घड्याळांची, प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाने तीन तारखेपासून दहा दिवस परीक्षा ठेवली होती आणि मापं घ्यायला आमच्या प्रयोगशाळेला सांगितलं होतं. मी आमच्या मॅडमना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की यातलं एक माझ्या मामांचं आहे, मी आकड्यांना हात लावणार नाही. त्यांनी सगळ्या घड्याळांना नुसते नंबर दिले आणि स्वतः मापं घेतली. तुमचा नंबर सतरा होता. मला तो माहीत नव्हता, खरंच.

काल संध्याकाळी फळ्यावर यादी लागली. सतरा नंबर, दहा दिवसांत पाच सेकंद. त्याखाली बाकीचे एकतीस. दातांच्या डॉक्टरांचं, ज्याच्या किमतीत घर येईल असं म्हणतात ते, चौथं. पण माणूस दिलदार निघाला. त्यांनी आपलं घड्याळ मनगटावरून काढलं, उनाडच्या काचेजवळ नेलं आणि त्यावर लावून घेतलं. ते पाहून आणखी कुणीकुणी पुढे आलं. मामा, थोड्या वेळाने तिथे रांग लागली होती. सोन्याची, परदेशी, पिढीजात घड्याळं, सगळी तुमच्या घड्याळावर वेळ लावून घेत होती. मी कोपऱ्यात उभी राहून रडले आणि शेंबड्याचीही काच तेव्हाच धुरकटली, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांना शोभलो.

कुणीतरी विचारलं, हे घ्यायला किती पडलं होतं. मी म्हटलं, एका महिन्याचा ओव्हरटाइम आणि सव्वीस वर्षं. मग वाटलं, फार बोलले. पण दुरुस्त केलं नाही.

मॅडमच्या सहीचं प्रमाणपत्र सोबत आहे. त्यावर माझी सही नाही, म्हणजे भाचीने केलं असं कुणी म्हणायला नको. भोंगेकाकांना दाखवा. त्यांना रागावू नका असं मी सांगणार नाही, ते तुमच्या दोघांचं आहे. पण त्यांनी लिहिलं नसतं तर माझा नुसता अंदाजच राहिला असता.

दुकानदाराला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा, फक्त या आठवड्यात ठरवू नका. नवं घड्याळ मला नको. शेंबडं मी ठेवून घेते, रोज सकाळी रेडिओवर लावते, तेवढं माझं त्याचं नातं पुरे आहे.

मामीला नमस्कार, आणि पोळ्या वाकड्या नसतात असं खास सांगा. आपला लोभ माझ्या मापात कधी बसला नाही, तो तसाच मोकळा असू द्यावा.

तुमची,
मापाडी

ता. क. रजेचा अर्ज मंजूर झाला. पहाटेच्या पहिल्या बसने येते, उनाड माझ्याकडे आहे. मिल बंद पडली असली तरी गेट अजून आहे ना? भोंगेकाकांनाही घेऊन या. त्यांनी वर खिडकीत नको, खाली आपल्या शेजारी उभं राहायचं. या वेळी भोंगा नसेल. उनाडवर सात वाजले की मी ते तुमच्या हाताला बांधणार आहे. मनगट मोकळं ठेवा. शनिवार, २२ नोव्हेंबर.