नारळ आमच्या काठाकडून गेला

१४ ऑक्टो. ७९, रवि.
गावी गेलो. गंगेत, म्हणजे गावच्या नदीत, बेट आलंय! यंदाच्या पुराने आणून टाकलेला गाळ, दीड-दोन बिघे असेल. आमचं गाव या काठाला, पलीकडचं त्या, बेट बरोबर मध्ये. दादा म्हणतो, "लोण्यावानी माती हाय मध्या, टरबूज लावतो." पलीकडून निवृत्ती आला, शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. तोही टरबूजच लावणार म्हणे. झालं!
जुन्यांची रीत अशी, की बेटाच्या वरच्या अंगाला नारळ सोडायचा. तो वाहील ती मुख्य धार, आणि धार तीच दोन गावांची शीव. दादा बाजाराला गेलेला. नि. आणि मी गंमत म्हणून सोडला. गेला की आमच्या काठाकडून! म्हणजे बेट पलीकडच्यांचं. नि. म्हणाला, "मास्तर, भूगोलात नापास." दोघं पोट धरून हसलो. दादाला सांगायचं राहिलं.

२५ नोव्हें., रवि.
नववीला घेऊन गावी. बत्तीस पोरं, एक टेप, सुतळ्या. वर्गात सांगितलं होतं, इटलीजवळ समुद्रात ज्वालामुखीचं बेट वर आलं, तीन-चार राज्यं भांडली, झेंडे रोवले, सहा महिन्यांत बेट गडप. पोरांना थाप वाटली. म्हणून म्हटलं चला, आमच्या गंगेतलंच दाखवतो.
नकाशा झकास झाला. शिवेची तुटक रेघ मात्र मी बेटाच्या पलीकडून ओढली. अलीकडे खुणांच्या सूचीचा चौकोन आधीच काढून बसलो होतो, जागाच उरली नाही. कागदावर बेट आमचं झालं. शाळेचा नकाशा, कोण बघतंय. दादाने मागून घेतला. "तुझ्या हातचा हाय, भिंतीला लावतो." सवयीने सही-शिक्का ठोकून दिला.

१३ जाने. ८०
दादा तो नकाशा चावडीवर फिरवतोय. "शिक्क्याचा कागद हाय!" अरे, शाळेचा शिक्का तो, तहसीलदाराचा नव्हे. वेल लावूनही झालेत. नारळाचं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "तू तरी आपल्या बाजूनं हायेस ना?" आई-बाबा गेल्यावर यानेच शिकवलं मला. गप्प बसलो. शेपूट घालणारा आहे मी, दुसरं काय.

६ मार्च
नि. शाळेत आला, थेट शिक्षक-खोलीत. "मास्तर, नारळ इसरला का? आमची पोरं लय तापलीत. दादाला तूच सांग, तुझंच ऐकतो तो." रविवारी नक्की येतो म्हटलं.

९ मार्च, रवि.
गेलो नाही. पेपर तपासायचे होते. पुढच्या रविवारी बघू.

१२ मार्च
नि. गेला.
काल बेटावर वेल उपटायला उतरला. दादाने फावडं घातलं डोक्यात. एकच. सिव्हिलला आणेपर्यंत
दादा पोलिसांत. वहिनी म्हणते, तो स्वतःच चालत गेला.
मी त्या रविवारी कसले पेपर तपासत होतो? घटक चाचणीचे. पंचवीस मार्कांचे.

३ ऑगस्ट
बेट गेलं. पहिल्याच मोठ्या पाण्यात. सकाळी होतं, दुपारी बघतो तर नुसतं गढूळ पाणी. वहिनी काठावर बसून रडली.

१८ जाने. ८१
वकिलांकडे. म्हणाले, सगळी भिस्त नकाशावर. "दादा आपल्याच जमिनीवर उभा होता, आपला माल राखत होता, एवढं कोर्टाला पटलं पाहिजे. तुम्ही फक्त म्हणा, शीव धार बघून काढली." नाहीतर? "नाहीतर जन्मठेप धरून चाला."

१ फेब्रु.
नि.ची बायको पार्वती आली. दारातच उभी.
"मास्तर, नारळाचं त्यांनी घरी येऊन सांगितलं व्हतं. लय हसत व्हते. तुमच्याबिगर कुनी पाह्यलं नाय."
आत या म्हटलं. आली नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही.
खोटं बोललो तर नि.ला मेल्यावर चोर ठरवायचं. खरं बोललो तर दादा गेला. आणि दोघांच्याही मधली ती रेघ माझीच. हात तोडून टाकावासा वाटतो.

९ फेब्रु., सोम.
कोर्टाबाहेरच्या बाकावर लिहितोय. वहिनी आली नाही, धीर होत नाही म्हणाली. पिशवीत नारळ घालून दिलाय. "ते सुटले की फोडा, भाऊजी."
मघाशी दादाला आत नेलं. हातात बेड्या. वाळलाय पार. मला बघून थांबला. "मध्या, जेवलास का?" हो म्हणून मान हलवली. जेवलो नव्हतो.
समोरच्या बाकावर पार्वती. पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलीय, तिकडेच बघतेय.
शिपायाने माझं नाव पुकारलं. पिशवी आत चालणार नाही म्हणतो, कुणाजवळ तरी ठेवा.
बाकावर पार्वतीशिवाय कुणी नाही.