दोन टपल्या

सोमवार, ३

आले बाई एकदाची. आठ वर्षं मी ऑफिसच्या उंच इमारतीत काचा आतून पुसल्या, आणि त्याच काचांच्या बाहेर माझा धाकटा भाऊ बारक्या दोराला लटकून मला वाकुल्या दाखवायचा. आता मीही बाहेरून पुसणार. त्यासाठी आधी इथे दहा दिवसांचं प्रशिक्षण, शेवटी परीक्षा. मी पहिल्या लेव्हलची, बारक्या दुसऱ्या लेव्हलचा. दोघंही पास झालो तर कंपनी आम्हाला जोडीनेच काम देणार आहे. आईने त्याला माझ्या हवाली केलंय, जणू तो अजून शाळेत जातो.

जागा म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याची शेड. आत चार मजली लोखंडी सांगाडा, वर जाळीचा फलाट आणि फलाटावरून खाली सोडलेले दोर. शिकवणारे मास्तर जाडजूड, एक गुडघा दुखरा, आवाज मात्र मऊ. त्यांनी आज दोनच गोष्टी सांगितल्या. प्रत्येकाला दोन दोर असतात, एकावर काम करायचं आणि दुसरा पहिल्याने दगा दिला तर. आणि काठावरून उतरण्याआधी जोडीदाराने हेल्मेटच्या पट्ट्यापासून बुटापर्यंत सगळं हाताने चाचपायचं, दोराला जोडणाऱ्या प्रत्येक कडीचं स्क्रूचं कुलूप फिरवून बघायचं, मग हेल्मेटवर मागून दोन टपल्या मारायच्या. टपल्या पडल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. पडल्या की मात्र थांबायचं नाही, शंका काढायची नाही.

बारक्याला टपल्या मारायची रीतसर परवानगी मिळाली, म्हणून मी भलतीच खूश आहे.

बुधवार, ५

मांड्यांवर हार्नेसच्या पट्ट्यांचे काळेनिळे वळ उठलेत, पण गाठी जमायला लागल्या. मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की तपासावं तर हिच्यासारखं. बारक्याचं म्हणणं, ताई मला भाजी निवडल्यासारखी निवडते, एखाद दिवशी देठही काढेल. प्रत्येक उतरणीनंतर भिंतीवरच्या तक्त्यात तपासणाऱ्याने ‘तपासले’ लिहून सही करायची असते. आज माझ्या सह्यांची रांग लागली होती, आणि ती बघून मी उगाच दोनदा तिथून गेले.

गुरुवार, ६

लिहू की नको असं झालंय.

दिवसाची नववी उतरण होती. हात भरून आलेले, खाली मास्तर घड्याळ लावून उभे. माझा हातमोजा निघेना म्हणून मी त्याच्याशी झटत होते आणि बारक्या काठावर बसून घाई करत होता. मी न बघताच त्याच्या हेल्मेटवर दोन टपल्या मारल्या. तो उतरला. खाली पोचल्यावर त्यालाच दिसलं, कामाच्या दोराच्या कडीचं कुलूप उघडं होतं. त्याने हसण्यावारी नेलं. दुसरा दोर होता की, म्हणाला. मास्तरांना कळलं तर दोघांनाही घरी पाठवतील, आणि त्याने या परीक्षेसाठी तीन वर्षं घाम गाळलाय. मी तक्त्यात ‘तपासले’ लिहिलं, सही केली. हात जरासुद्धा थरथरला नाही, याचीच आता शरम वाटतेय.

शुक्रवार, ७

बुटाची नाडी बांधून मी उठले तर बारक्या पाय काठाबाहेर सोडून उतरायच्या बेतात. मी तपासलंच नाही म्हणून ओरडले. तो म्हणाला, आत्ताच तर दोन टपल्या दिल्यास. चेष्टा करतोय असं वाटलं. कुलूप बघितलं तर उघडं. त्याने आईची शपथ घेतली की ते त्याने स्वतः फिरवलं होतं आणि टपल्याही दोन्ही लागल्या होत्या. मी त्याच्यापासून चार पावलांवर होते. फलाटावर तिसरं कुणी नव्हतं.

मी ती उतरण होऊच दिली नाही. संध्याकाळी तक्ता पाहिला तर तिच्यापुढेही माझी सही आहे. अक्षर माझंच आहे.

रविवार, ९

सुट्टी. सकाळपासून खोलीत येरझारा घालतेय. दोन खाटा, एक बेसिन, सहा पावलांत भिंत. बारक्या वैतागून बाहेर निघून गेला. खाटेवर बसले की उजवा हात मांडीखाली दाबून ठेवते, का ते मलाच कळत नाही. मास्तरांना सांगितलं तर बारक्याची परीक्षा जाते. नाही सांगितलं तर कदाचित बारक्याच जातो. मला भीती वाटते. साधी, सरळ भीती. इतकं लिहूनही बसवत नाही.

सोमवार, १०

पाच उतरणी. पहिल्या चारला प्रत्येक कुलूप दोनदा फिरवलं. पाचव्याला मी हात लावायच्या आतच टपल्या पडल्या. आज मीही ऐकल्या, हेल्मेटवर बोटांच्या पेरांचा आवाज. टक, टक. बारक्या लगेच सरकला. मी हार्नेसला धरून त्याला मागे ओढलं. कुलुपं दोन्ही उघडी होती. दोन्ही दोरांची. माझा हात जरा उशिरा पोचला असता तर —

बारक्या आज हसला नाही.

तक्त्यात आजच्या तारखेला माझ्या नऊ सह्या.

मंगळवार, ११

मास्तरांना सगळं सांगितलं. बारक्याने माझ्याशी बोलणं टाकलंय.

मास्तर रागावले नाहीत. माझा उजवा हात हातात घेऊन बघत राहिले. म्हणाले, एकदा न बघता टपली दिली आणि वर सहीही केली, की तो हात कधीकधी आपला राहत नाही. असा एक माणूस त्यांनी आधी पाहिलाय. त्याच्या जोडीदाराचं काय झालं विचारलं, तर ते चहा सांगायला उठले.

ठरलंय ते असं: माझी परीक्षा बंद. बारक्याची होईल, पण तपासतील मास्तर स्वतः. मला नजरेआड ठेवण्यापेक्षा समोर ठेवलेली बरी, म्हणून मी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, खांबाला कडी अडकवून बसायचं. दोन्ही हात कामात हवेत. म्हणून ही वही. तो उतरेपर्यंत लिहीत राहायचं.

बारक्याला बजावलंय, मास्तर आल्याशिवाय टपली मानू नकोस. त्याने खांदे उडवले.

बुधवार, १२

फलाटावर. उजव्या हातात पेन्सिल, डावा वहीवर. दोन्ही मला दिसतायत.

बारक्या हार्नेस चढवतोय. माझ्याकडे बघत नाही. खाली परीक्षक. मास्तर जिन्यावर, गुडघ्यामुळे सावकाश.

कड्या लावल्या. कुलुपं फिरवली, मी बघितलं. काठावर बसला, माझ्याकडे अर्धी पाठ, कमरेच्या कड्या दिसतायत. थांबलाय. शहाणं माझं.

मास्तर अजून एक मजला खाली —

टक.

माझे हात इथे आहेत. दोन्ही. मी लिहितेय.

त्याने मान खाली घातली. त्याला वाटतंय मास्तर पोचले. दुसरीची वाट बघतोय. मी ओरडतेय, खाली कसलंसं यंत्र सुरू झालंय, त्याला ऐकू —

कुलुपं उलटी फिरतायत. आपोआप. इथून दिसतंय.

एकच झालीय. अजून वेळ आहे. पेन्सिल टाकायची, माझी कडी सोडवायची, दहा पावलं.

टाकतेय. बोटं उघडत नाहीत. हात लिहितोच आहे, मी सांगत नाही तेही

तपासले

बारक्या मागे बघ

तपासले तपासले

बारक्या मागे ब