हल्लीचे सिनेमे अंधारात काढतात

नागापूर,
ता. १८ ऑगस्ट २०२५

चि. रामहरी यास,

दादाचा आशीर्वाद. इकडे मी आणि तुझी वहिनी सविता बरे आहोत. शिर्डीला गर्दी वाढलीय असं ऐकतो, तेव्हा तुझं हार-प्रसादाचं दुकान चांगलं चालत असेल. ओळी तिरक्या गेल्या असतील, चालवून घे.

तुझं पत्र येऊन तीन महिने झाले. दहापैकी गुण द्यायची आपली जुनी रीत, तेव्हा आधी माझे गुण घे. पोलिसाच्या त्या सिनेमाला दोन. नायक अडीच तास कुजबुजतो. एवढं कुजबुजायचं तर घरी जाऊन बायकोशी कुजबुज म्हणावं. गॅरेजवाल्या भावांच्या विनोदी मालिकेला सात. थोरला बोलायच्या आधी खाकरतो, तेवढ्यावर मी हसतो. 'सासरेबुवा भाड्याने'ला शून्य. त्यात म्हातारा जिथं तिथं अडखळून पडतो आणि मागून हशा वाजवतात. पूर्वी मी त्याला नऊ दिले असते.

आपले आण्णा असेच पडायचे. चौकटीला खांदा, बादलीला पाय. आपण दोघं पांघरुणात तोंड खुपसून हसायचो.

दोन वर्षं मी तुला लिहीत आलो की हल्लीचे सिनेमे अंधारात काढतात आणि माणसं मधूनच कुठून तरी उगवतात. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या हनुमंताला तीनदा बोलावलं. "काका, चित्र ठनठनीत हाय. डोळं दावा कुनाला तरी," म्हणाला. त्याला चहासुद्धा न विचारता घालवला. एकतीस वर्षं लेथवर केसाएवढा फरक नुसत्या नजरेनं ओळखणारा मी, मला हा डोळे दाखवायला सांगणार! नवा टीव्ही घेतला. तुलाही घ्यायला लावला.

मे महिन्यात एकदा जेवताना सविताला विचारलं, "हा इन्स्पेक्टर कधी आला?"

"अवो, त्यो मगाधरनं हितंच हुबा हाय," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

काचबिंदू निघाला. उजवा डोळा गेल्यातच जमा. डाव्यानं पाइपातून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकावी म्हणून थेंब घालायचे. ती तरी टिकेल का विचारलं, तर डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. वर लिहिलेले गुण नुसते ऐकून दिलेले आहेत.

लाज वाटली म्हणून कळवलं नाही, असं मी सविताला सांगतो. ते खोटं आहे. बाईंनी विचारलं होतं, वडील असेच अडखळायचे का, सख्खा भाऊ आहे का, हा आजार रक्तातून येतो, त्यालाही ताबडतोब तपासून घ्या. मी म्हणालो, आहे, पण त्याची नजर चांगली आहे. घरी आलो तर तुझं पत्र आलेलं. सवितानं वाचून दाखवलं. नवा टीव्ही घेऊनही चित्र कडेनं काळंच दिसतं, असं तू लिहिलं होतंस. गॅरेजवाल्यांना तीनच गुण, कारण धाकटा भाऊ एकदम कुठून येतो ते कळत नाही. वाचता वाचता सविता थांबली.

रामहरी, तो धाकटा पहिल्यापासून तिथंच असतो, गाडीशेजारी बसलेला. सविताला दिसतो, हनुमंताला दिसतो, सगळ्यांना दिसतो.

एवढं लिहायला मला तीन महिने लागले. दोनदा फोन केला आणि गर्दीचं विचारून ठेवून दिला. मी सांगत नाही तोवर तुझे डोळे शाबूत आहेत, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. या तीन महिन्यांत तुझं जे गेलं असेल ते माझ्यामुळे गेलं, आणि ते भरून देणं माझ्या हातात नाही. दुकान बंद कर आणि आजच जा. फार आशा धरून जाऊ नकोस, मी धरली होती.

हे पत्र तुला लागत नसेल तर जयाकडून वाचून घे. बायकोपासून लपवू नकोस.

तुला टीव्ही बदलायला सांगणारा,
तुझा दादा
सहादेव