नाव घातलेला बॉल

प्रिय देवश्री,

आपली अश्लेषा भारताकडून खेळून आली, तेव्हा तिने आपल्या दोघींना सही केलेला एकेक पांढरा बॉल दिला होता. परवा नगरला अशा वस्तूंची किंमत सांगणारे एक गृहस्थ आले, म्हणून मी माझा घेऊन निघाले. “माझाही दाखवून आण,” म्हणत तू तुझा बॉल बिनधास्त माझ्या हातात दिलास.

त्यांनी भिंगातून दोन्ही बॉल पाहिले. म्हणाले, “नुसती सही आहे, त्याचे तीस हजार येतील. या दुसऱ्याचे निम्मेच. परक्याचं नाव घातलेला बॉल कोण घेणार?”

माझा बॉल महाग ठरला आणि मला तिथेच रडू आलं. तुझ्या बॉलवर तिने लिहिलंय, ‘देवश्री, तू बोलिंग टाकत राहिलीस म्हणून मी खेळले.’ सोनईच्या मैदानावर रोज स्टंपमागे मीही उभी असायचे गं.

केडगावला परतताना रिक्षात मी अंगठा ओला करून तुझं नाव घासलं. ‘देव’ गेलं, ‘श्री’ राहिलं. तुला फोनवर सांगितलं, घामाने पुसलं.

तू हसलीस. “जाऊ दे गं, ते वाक्य मला पाठ आहे. तुझा बॉल नीट आहे ना?”

मी हो म्हटलं.

उद्या सुप्याला येऊन तुझा बॉल देईन. हे पत्र मात्र देणार नाही. ते वाचूनही तू मला माफ करशील, आणि तुझं तेवढं मोठं मनही मला बघवणार नाही.

तुझी,
रुचा