थंडीचा सराव

३० नोव्हेंबर, रविवार
जेवणानंतर टीव्हीवर बर्फातला पिक्चर. विमान पडतं, हिरो एकटा उरतो, चालत सुटतो. मी घरच्यांना चुका दाखवल्या. नदीत पडला तरी पुढच्या सीनला कपडे कोरडे. कान उघडे. तोंडातून वाफ नाही, म्हणजे शूटिंग स्टुडिओतलं. आणि गारठून मरायच्या आधी म्हणे माणसाला एकदम गरम व्हायला लागतं, अंगावरचे कपडे काढून टाकतो. म्हटलं, हे तर अगदीच काहीही.

श्रुतिकाने विचारलं, बाबा, तुम्हाला बर्फाची भीती नाही वाटत? म्हटलं, बर्फ म्हणजे काय, पाणीच.

बायकोचा, म्हणजे मुक्ताचा भाऊ सुदर्शन सोफ्यावर होता. रेल्वेत टीसी. बोलतो कमी, बुकिंग फार करतो. नाताळच्या सुट्टीत तो श्रुतिकाला हिमाचलच्या ट्रेकला नेणार होता, पण तिची का-कू चालली होती. आता म्हणाली, बाबा येत असतील तर मी तयार. सुदर्शनने लगेच मोबाइल काढला, भाऊजी, वय किती टाकू? सगळे हसले. मीही हसलो.
झोप लागत नाहीये. डास असतील.

२ डिसेंबर, मंगळवार
शांत डोक्याने विचार केला. भीती नाही. माहिती कमी आहे. तोच पिक्चर मोबाइलवर एकट्याने लावला. हिरोची बोटं काळी पडतात तिथे बंद केला. रविवारी हाच सीन मला खोटा वाटला होता.
संकल्प : उद्यापासून गार पाण्याने आंघोळ.

३ डिसेंबर, बुधवार
गच्चीवरच्या टाकीचं पाणी कोमट येतं. डहाणूत थंडी मिळतच नाही, त्याला मी काय करू. संध्याकाळी फ्रीजरमध्ये हात घालून मनाचे श्लोक म्हणत उभा राहिलो. मुक्ता झरीच्या शाळेत शिकवून नुकतीच आली होती. म्हणाली, वाटाणे शोधताय का? हो म्हटलं. जेवायला वाटाण्याची उसळ.

५ डिसेंबर, शुक्रवार
ऑफिसात दुपारी उजव्या हाताचं बोट काळं दिसलं. शेजारच्या टेबलावरच्या निलम मॅडमना दाखवलं. स्टँपपॅडची शाई आहे म्हणाल्या. मला माहीत होतंच. खात्री करून घेतली.

७ डिसेंबर, रविवार
चारोटीला हायवेवर स्वेटरवाले बसलेत. दोन स्वेटर, माकडटोपी, जाड मोजे, हातमोजे घेतले. घरी सगळं घालून आरशात पाहिलं. चेहऱ्यावर भीती दिसत नाही. चेहराच दिसत नाही.

श्रुतिका म्हणाली, मामा पुढे पळत सुटतो, तुम्ही माझ्याबरोबरच राहाल ना? हो म्हटलं. आता माघार घेतली तर पोरीला काय तोंड दाखवणार.
ट्रेक रद्द व्हावा असं मनात येऊन गेलं. नेमका देवासमोर उभा होतो. हा नवस धरतात का, कोणाला विचारायचं?

१३ डिसेंबर, शनिवार
उपाय सापडला. वरोरचा चिमण माझ्या वर्गातला. मच्छीसाठी बर्फाची फॅक्टरी आहे त्याची. फोन केला, तुझ्या बर्फाच्या खोलीत थोडा वेळ बसू दे. तो म्हणाला, ये की, बस. उद्या जातो. एकदा बसलो की भीती संपली. म्हणजे, असलीच तर.

१४ डिसेंबर, रविवार
सगळे कपडे चढवूनच आत गेलो. चिमणला म्हटलं, दार बाहेरून लाव, दयामाया नको. जाड दार, मिणमिणता बल्ब, ओली जमीन, कोपऱ्यात बर्फाचे तुकडे. शिरताना गार वाटलं. पेटीवर बसून दात वाजायची वाट पाहिली. वाजेनात.

मग गरम व्हायला लागलं. आधी मान, मग पाठ. कपाळावर घाम. पिक्चर आठवला. हीच ती शेवटची पायरी. दार बडवलं. बाहेर होड्या लागल्या होत्या, लिलावाचा गलका, माझं कोण ऐकतंय. स्वेटर काढावासा वाटला. पिक्चरमधला हिरोही काढतो, म्हणून नाही काढला. रडलो. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

दातांनी हातमोजा ओढून घरच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड केला. मुक्ता, रोज गॅस बंद आहे का बघत जा. श्रुतिका, मला बर्फाची भीती वाटते, पहिल्या दिवसापासून. मला यायचंच नव्हतं गं. तुझ्यासमोर बोलायची लाज वाटली. आत रेंज नव्हती, मेसेज लटकून राहिला. बोटं काळी पडू नयेत म्हणून हातमोजा परत घातला.

शेवटी चिमणने दार उघडलं. मशीन कालपासून बंद आहे म्हणाला, बर्फही पहाटेच संपला. आधी का सांगितलं नाहीस विचारलं. तर म्हणतो, तू बसायला जागा मागितलीस, थंडी कुठे मागितलीस?

उन्हात आलो. रेंज आली. मेसेज गेला. डिलीट करायला गेलो तर घामाने हातमोजा निघेना.

१५ डिसेंबर, सोमवार
सुदर्शनने मेसेज ऐकला. हसला नाही. हे जास्त वाईट. अभिनय होता असं मी सांगणार होतो, पण कोणी विचारतच नाही.

श्रुतिका जवळ येऊन बसली. म्हणाली, तुम्ही राहा बाबा, मी जाते मामाबरोबर. म्हटलं, तुला भीती नाही वाटत आता? म्हणाली, वाटते की. पण घाबरणारी घरात मी एकटीच आहे असं वाटायचं, ते जास्त त्रासाचं होतं.
थोडक्यात, सरावाचा उपयोग झाला.

२८ डिसेंबर, रविवार
श्रुतिकाचा ट्रेकवरून फोन. ओढ्यात पाय गेला, मोजे दोन दिवस वाळले नाहीत, बाबा, त्या पिक्चरबद्दल तुमचं बरोबर होतं. मी मुक्ताला हे दोनदा ऐकवलं. पोरीचा आवाज मोकळा होता, मागे वारा घोंघावत होता. ते ऐकून माझ्याच अंगावर काटा आला.

मग तिने विचारलं, तिकडे थंडी आहे का? मी माकडटोपी घालून बसलो होतो. म्हटलं, आहे, बऱ्यापैकी. ती म्हणाली, मग तो पंखा बंद करा आधी, आवाज येतोय इथे.
उठून बंद केला.