नदी उलटी का वाहते

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. मोठ्या वहिनीने द्यायचे असतात म्हणून देते. मनापासून आहेत का, ते पत्र संपल्यावर तुम्हीच ठरवा. नाहीतरी लिहिलेल्यातून न लिहिलेलं काढण्यात तुमचा हात धरणारं कोणी नाही.

इकडे बरं आहे. माझं मनगट थंडीत ठणकतं. स्वयंपाकघरातला नळ प्लंबरने दोनदा दुरुस्त केला, दोनदा पैसे नेले, नळ गळतोच आहे. ह्यांची भूक चांगली आहे. भुकेचं पुढे लिहीन.

तुमचा निरोप पोचला. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे उगाच शेवटाकडे पळायला नको. नाही. गाडी पाठवू नका. पाठवलीत तर ड्रायव्हरला चहा देईन आणि रिकामी परत लावीन.

तुम्ही म्हणता, वाचकांचा मेळावा आहे, मोठं सभागृह घेतलंय, दादाला काही बोलावं लागणार नाही, मंचावर मधल्या खुर्चीत बसायचं. "मी विचारेन, दादा, नदी उलटी का वाहते? तो नुसता हसेल. बाकी मी सांभाळतो, वहिनी." आणि अगदी तळाशी, जाता जाता सांगावं तसं, की दादांच्या कादंबरीचा सातवा खंड तुम्ही लिहायचा असं प्रकाशकाने ठरवलंय आणि दादा मंचावर आपलं पेन तुमच्या हातात देतील. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमची खोड लहानपणची. बिस्किटं हवी असली की आधी माझ्या तब्येतीची चौकशी करायचात.

परवा एक मुलगी दारात उभी. कॉलेजातली असेल. अंगातल्या बनियनवर छातीभर अक्षरांत छापलेलं, "दिवा कोणी विझवला?" मला म्हणते, काकू, तुम्हाला तरी माहीत असेल ना, कोणी विझवला? म्हटलं, वीज कंपनीला विचार. ती खुदकन हसली आणि लगेच फोनवर काहीतरी टिपून घेतलं. माझ्या त्या वाक्याचाही आता सिद्धांत झाला असेल, बघा तुमच्या त्या इंटरनेटवरच्या चर्चेत.

तिला काय सांगणार? सहाव्या खंडात राणी दासीला विचारते, दिवा कोणी विझवला. दासी म्हणते, वाऱ्याने. दोन पानांनी राणी पुन्हा विचारते. आणि पुन्हा. तुम्ही लोकांना समजावलंत की तीन प्रश्न म्हणजे तीन युगं. अहो, तेव्हा आमच्या जिन्यातला दिवा गेला होता आणि तुमचे दादा मला दिवसातून दहादा विचारायचे, दिवा कोणी विझवला. मी दहादा सांगायचे, बल्ब गेलाय. मग आत जाऊन लिहायला बसायचे. युगं कसली!

पहिले पाच खंड मी स्वच्छ हाताने उतरवून दिले, तुम्हाला माहीत आहे. राणीचे डोळे कुठल्या रंगाचे, हे स्वयंपाकघराच्या दारातून विचारायचे आणि मी भांडी घासता घासता सांगायचे, करडे. द्वारपालाचा कुठला हात नाही? डावा. सहाव्याच्या वेळी मनगटाने दगा दिला, म्हणून कागद परस्पर टायपिंगला गेले. प्रुफं हातात आली तेव्हा राणीचे डोळे तपकिरी. द्वारपालाचा उजवा हात गायब. सेनापतीचा घोडा, जो तिसऱ्या खंडात पुलावर मेला, तो इथे मजेत चारा खातोय. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं! आणि नदी, पाच खंड समुद्राकडे गेलेली, निघाली डोंगराकडे.

मी संपादकांना फोन केला. म्हटलं, चुका आहेत. ते म्हणाले, "वहिनी, राहू द्या हो. असल्या जागांवरच वाचक जीव टाकतात." माझ्या जिवाचं त्यांनी विचारलं नाही.

आता नदीबद्दल बोलू.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही आठ वर्षांचे होतात. सासूबाई जाऊन वर्ष झालेलं. मला सांगितलं गेलं, दिराला अहो म्हणायचं. समोर पोराच्या नाकातून शेंबूड गळतोय आणि मी म्हणतेय, भावजी, नाक पुसता का? तुम्ही जेवत नव्हतात. आई गेल्यापासून ताटासमोर नुसते बसायचात. तेव्हा ह्यांनी ते धुक्याचं राज्य काढलं. एक वाक्य सांगायचं आणि घास पुढे धरायचा. बारक्याने घास घेतला तरच द्वारपाल दार उघडणार. नाही घेतला तर राणी बाहेर धुक्यात कुडकुडत उभी. तुम्ही राणीची दया येऊन जेवायचात. जगातले विद्वान ज्या राज्याचे नकाशे काढतात ते राज्य तुमच्या पोटात चार घास जावेत म्हणून झालं.

आणि नदी कुठे वाहते, असं तुम्हीच विचारलंत. ह्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाले, आपलं गटार जिकडे जातं तिकडे. तुम्ही दोघं पोट धरधरून हसला होतात. त्या गटाराची दिशा हे विसरतील? तुम्ही विसराल?

नाही विसरलात. हेच तर सांगायचंय मला.

सहावा खंड ज्या दिवशी आला त्या संध्याकाळी तुमचा फोन आला होता. तुम्ही म्हणालात, "वहिनी, नदी उलटी वाहतेय." मग म्हणालात, "दादा बरा आहे ना?" इतके दिवस मनात ठेवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं, पण शेजारी हे बसले होते. मी एवढंच म्हटलं, एकदा या. तुम्ही म्हणालात, रविवारी येतो.

रविवारी मी घर आवरलं. ह्यांना नवा सदरा घातला, दाढी केली. तुम्ही आला नाहीत. त्या रविवारी तुमचा व्हिडिओ आला.

"उलट्या नदीचा सिद्धांत." राज्यात काळ उलटा फिरलाय, मेलेले परत येतायत, म्हणून घोडा जिवंत, म्हणून डोळ्यांचा रंग वेगळा, आणि लेखकाने हे सगळं मुद्दाम पेरलंय. लोकांनी डोक्यावर घेतलं तुम्हाला. मग बाकीचेही सुटले. एक म्हणाला राण्या जुळ्या आहेत. दुसरा म्हणाला द्वारपाल आरशात दिसतोय. उंटावरचे शहाणे सगळे, आणि सगळ्यात उंच उंटावर आमचे भावजी.

मुद्दाम! भावजी, त्या महिन्यात तुमचे दादा बँकेत गेले, मॅनेजरच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, मागून केस जरा बारीक करा. तो मॅनेजर बिचारा त्यांना हाताला धरून घरी घेऊन आला. काढा त्याचाही सिद्धांत.

खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला बरं वाटलं होतं. वाटलं, भाऊ आहे, भावाची लाज झाकतोय. लोक चुका मोजायच्या आत त्याने चुकांनाच मुकुट घातला. मी कोणाला बोलले नाही, तुम्ही बोलला नाहीत, आपलं ठरलंच जणू. पण झाकायला घातलेलं पांघरूण कोणी बाजारात नेऊन विकतं का? आठवड्याला एक व्हिडिओ, मग दोन. मग मुलाखती. "लेखकाचा सख्खा भाऊ." मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. इथे माणूस जिवंत आहे, भावजी. आत्ता माझ्या समोर खिडकीशी बसलाय, शर्टाच्या बटणाशी खेळतोय.

मग एकदाचे आलात. कॅमेरा घेऊन, दिवे घेऊन, एक पोरगा दिवे धरायला. मी चहा टाकायला आत गेले आणि तुम्ही विचारलंत, "दादा, नदी उलटी का वाहते?" हे हसले. झालं! ते हसले, म्हणजे खरं आहे, लाखो लोकांनी बघितलं. भावजी, ते हसू मला पाठ आहे. समोरचा कोण ते कळत नाही तेव्हा हे असे हसतात, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. दूधवाल्याला मिळतं, डॉक्टरांना मिळतं. हल्ली सकाळी उठल्यावर मलाही मिळतं.

त्या व्हिडिओत एका जागी चित्र जरा उडतं. तुमच्या मंडळींनी त्यावरही डोकं चालवलंय, लेखकाने तिथे शेवट सांगितला आणि भावाने तो लपवला म्हणे. निम्मं बरोबर आहे. लपवलंत. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच होते, मी ऐकलंय. तुम्ही जेवणाच्या टेबलापाशी भिंतीकडची खुर्ची ओढून बसलात आणि हे घाईघाईने म्हणाले, "अहो, तिथे नका बसू. ती जागा आमच्या बारक्याची आहे. येईलच तो."

तुमचा चेहरा मी बघितला. मग तुम्ही त्या पोराला म्हणालात, "हे काढून टाक." आणि उठून दुसऱ्या खुर्चीत बसलात.

माझा चहा तसाच राहिला. तुम्हाला पुढे कुठेतरी जायचं होतं.

म्हणून सांगते, हे येणार नाहीत. ओळखत नाहीत त्या माणसाच्या हातात पेन द्यायला, न कळलेल्या प्रश्नावर हसायला आणि त्यावर टाळ्या घ्यायला मी माझ्या नवऱ्याला मंचावर बसवणार नाही. सातवा खंड लिहायचा तर लिहा. तुमची अक्कल, तुमची नदी. ह्यांचं पेन मिळणार नाही. ते माझ्याकडे आहे, किराण्याची यादी मी त्यानेच लिहिते आणि हे पत्रही.

आता भुकेचं. म्हटलं होतं लिहीन.

संध्याकाळी पानं घेतली की हे जेवत नाहीत. म्हणतात, बारक्या येऊ दे. मग भिंतीकडच्या त्या खुर्चीसमोर ताट मांडावं लागतं. मग गोष्ट सुरू होते. एक वाक्य, आणि घास रिकाम्या खुर्चीपुढे धरायचा. घास तसाच राहिला की कासावीस होतात. राणी बाहेर उभी आहे रे, घे ना. डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. एके दिवशी मला बघवेना, मी उठून त्या खुर्चीत बसले आणि तोंड उघडलं. माझं नाव त्यांना आठवत नाही, पण त्या खुर्चीतल्या तोंडात घास गेला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. तेव्हापासून रोज तुमच्या वाट्याचं मीच जेवते. एरवी मी मेली कोण, मी तर वाढणारी.

आणि भावजी, त्या गोष्टीत एकही चूक नसते. राणीचे डोळे करडे. द्वारपालाचा डावा हात नाही. घोडा पुलावर मेलाय आणि मेलेलाच आहे. नदी गटाराच्या दिशेने वाहते. कागदावर जे सगळं सुटलं ते तुम्हाला भरवताना अजून जसंच्या तसं आहे. गोष्ट सहाव्या खंडाच्या पुढे गेली. केव्हाच गेली. शेवट मला माहीत आहे, दिवा कोणी विझवला तेही माहीत आहे. तुमच्या सिद्धांतातलं एक अक्षरही बरोबर नाही. इतका साधा शेवट आहे की तुमच्या त्या सभागृहात कोणी टाळीसुद्धा वाजवणार नाही.

तो मी लिहून पाठवणार नाही. गोष्ट तुला सांगतायत ते, मला नाही.

बघ, अहो सुटलं. आता सुटू दे. आठ वर्षांच्या पोराला अहो म्हणता म्हणता माझी जीभ अडखळायची, आणि तू इतका मोठा झालास की तुला अरे म्हणायची भीती वाटायला लागली होती.

यायचं तर ये. फोन चपलांपाशी ठेवायचा. संध्याकाळी जेवायच्या वेळी ये, हात धू आणि भिंतीकडच्या खुर्चीत बस. ते म्हणतील, अहो, ती जागा आमच्या बारक्याची आहे. एकदा म्हणतील, दहादा म्हणतील. माझ्यासमोर म्हणतील. त्या वेळी उठू नकोस. मागच्या वेळी उठलास.

बाकी सर्व क्षेम असं लिहायची रीत आहे. खोटं लिहिण्याचं काम या घरात आता तुझ्याकडे आहे, म्हणून सोडते.

तुझ्या वाट्याचे घास खाऊन जाड झालेली,
वहिनी