शेजारची सीट

सोमवार, ४ मार्च

गाडी घ्यायची म्हणे! टर्बो! दोन दारांची!

जेवताना नवऱ्याने सांगितलं. जरा मीठ वाढ म्हणावं तसं. "यंदा गाडी घेऊ या. जरा धावणारी." मी विचारलं, आहे ती काय लंगडते? तर म्हणतो, "तिला आवाज नाही." आवाज! नवरा ध्वनिमुद्रक. याचा जन्म गेला स्टुडिओत बसून लोकांचे आवाज धुऊन-पुसून देण्यात — जाहिरातीतल्या बायकांचे खोकले काढणं हा याचा धंदा — आणि आता गाडीसुद्धा गाणारी पाहिजे.

आणि माझ्या स्कूलचं काय? मालक थकले. ड्रायव्हिंग स्कूल त्यांनी मलाच देऊ केलंय — दोन्ही गाड्या, गाळा, पाटीसकट. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते सांगायचं. बँकेतले पैसे त्यासाठीच ठेवलेत, हे घरातल्या पालीलासुद्धा ठाऊक आहे. उमेदीची सगळी वर्षं गेली शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर बसून, जादा ब्रेकवर पाय ठेवून. एकदा तरी पाटीवर आपलं नाव असावं म्हटलं. फार मागितलं का?

"स्कूलचं बघू," म्हणाला. याच्या 'बघू'वर मी संसार केला असता तर आज डोक्यावर छप्पर नसतं!

बुधवार, ६ मार्च

याला गाडी मीच शिकवली. तेव्हा 'अहो' म्हणायचे, कारण फी घेतली होती. लग्न झालं तशी 'अरे'वर आले. दोनदा नापास झालेला माणूस! तो आता मला टर्बो म्हणजे काय ते समजावतो.

माहितीपत्रकं आणलीत ढीगभर. "वाच ना जरा, हल्ली फार बारीक छापतात." वाचली. इतकी ताकद, इतक्या सेकंदांत शंभरचा वेग. शंभरच्या वेगाने कुठे जायचंय तुला? दूध आणायला?

चष्मा बदल म्हटलं. तर पुढचं पान माझ्यापुढे सरकवलं.

शुक्रवार, ८ मार्च

आज एका रिटायर्ड हेडमास्तरांना परत पाठवलं. आमच्याकडे पहिल्या दिवशी इंजिन सुरू करायच्या आधी चावीची परीक्षा असते. सरकार घेत नाही, आम्ही घेतो. मालकांची जुनी पद्धत. शिकणाऱ्याने सरळ समोर बघायचं. मी चावी त्याच्या कानामागे धरते आणि हळूहळू पुढे आणते. दिसली की सांगायचं. चांगल्या डोळ्याला कानाच्या जरा पुढे आली की दिसते. हेडमास्तरांच्या नाकासमोर आली तरी ढिम्म!

मी काही गोड-गोड बोलत बसले नाही. सरळ सांगितलं, "गुरुजी, घरी बसा. बाजूचं दिसत नाही तुम्हाला. तुम्ही रस्त्यावर म्हणजे दुसऱ्याचं मरण." त्यांनी रुमाल काढला. चष्मा पुसला की डोळे, कोण जाणे.

रात्री जेवताना हावभावासकट सांगितलं — त्यांची ताठ मान, माझी फिरणारी चावी. माझ्या स्कूलच्या गोष्टींना हा एरवी खो-खो हसतो, पाणी नाकात जाईपर्यंत. आज हसला नाही. "जरा हळू सांगायचं," म्हणाला. घ्या! आता माझा धंदाही हाच मला शिकवणार.

रविवार, १० मार्च

पहिली गाडी. लाल. आज चालवून बघितली.

शोरूममध्ये एक टायवाला आमच्या मागे लागला. मला 'मॅडम' म्हणाला आणि रंग विचारला. इंजिनाचं सगळं यालाच सांगत होता. मी गाडी शिकवते म्हटल्यावर "वा, छान छंद आहे!" म्हणाला. छंद!! मेल्याने टायला गाठ कशी मारली होती तेवढंच बघत बसले, ओढायला कुठून सोपी पडेल ते.

चालवायला हा, शेजारी मी, टायवाला मागे. लाल गाडी पळते, खोटं कशाला बोलू. पण पाय दिला की आधी विचार करते आणि मग एकदम उसळते. टर्बोचं असंच असतं म्हणे. माझे नवशिके हुबेहूब असेच क्लच सोडतात, त्यांना मी ओरडते. इथे त्याचेच जादा पैसे.

आवाज मात्र चांगला वाटला मला. तर हा म्हणतो, "हा इंजिनाचा नाही. स्पीकरमधून सोडलाय." टायवाला गोरामोरा. "सर, टर्बो मूळ आवाज खातो ना, म्हणून आत थोडी भर घालतात." हा म्हणाला, "मग मी रेडिओच घेतो." मला हसू आलं. दाखवलं नाही.

पुढे चौक. बाजूच्या गल्लीतून सायकलवाला येतोय, मला लांबून दिसतोय. हा वेग कमी करेना. माझा पाय खाली आपटला — ब्रेक कुठे तिथे! नुसता गालिचा! चपलेची टाच तुटली. मी स्टिअरिंगला हात घालून ओढलं. सायकलवाला वाचला. त्याने आमच्या सात पिढ्या काढल्या, त्याचं काही चुकलं नाही.

आणि हा म्हणतो काय? "दिसला होता मला."

दिसला होता आणि तरी पाय हलला नाही! माझ्या हाताखालून शेकडो माणसं गेलीत. घाबरट कळतो, झोपाळू कळतो, मिजासखोर तर बसण्यावरूनच कळतो. हा मिजासखोर. या वयात! मिजासखोराला काही शिकवता येत नाही, ही माझी धंद्यातली पक्की समजूत आहे.

मंगळवार, १२ मार्च

बोलणं बंद आहे. आज टेबलाच्या कडेला ठेवलेला माझा कप कोपराने पाडला. मुद्दाम. मला आवडणारा होता तोच.

शनिवार, १६ मार्च

काळी गाडी. आज महाराज स्वतः चालवायला बसलेच नाहीत. टायवाल्याला चालवायला लावली आणि आपण शेजारी — डोळे मिटून! मी मागे, गुडघे हनुवटीला. मागची सीट माणसांसाठी नाहीच, बहुतेक दप्तरासाठी असावी.

डोळे मिटून गाडी घेणारं हे जगातलं पहिलं गिऱ्हाईक. विचारतो काय, "शेजारी बसणाऱ्याला जास्त काय ऐकू येतं? इंजिन की सायलेन्सर?" टायवाला म्हणाला, सर, चालवणाऱ्याचं विचारा ना. "नाही, शेजारच्याचंच सांगा." मी मागून म्हटलं, "साहेबांना गाडी नको, मैफल पाहिजे." टायवाला फिस्सकन हसला. हा नाही.

काळीची ताकद सगळ्यांत जास्त, किंमतही. खड्डा आला की माझी पाठ मोजून घेते. आवाज खरा, पण एकसारखा घूं घूं, डोकं उठतं. उतरल्यावर म्हणाला, "ही नको. सारखी एकाच सुरात भांडते." माझ्याकडे बघून बोलला नाही. पण मी काय समजायचं ते समजले.

सोमवार, १८ मार्च

मालकांचा पुतण्या स्कूलवर डोळा ठेवून आहे. मालक म्हणाले, "पोरी, तुझ्यासाठी थांबलोय. पण महिनाअखेरच्या पुढे नाही थांबता येणार." घरी येऊन मी तोंड सोडलं. शेजारच्यांनी ऐकलं असेल, ऐकू दे!

"स्कूल पुढच्या वर्षीही घेता येईल," म्हणाला. "गाडी यंदाच. पुढच्या वर्षी तिचा उपयोग नाही." का उपयोग नाही? "असंच." असंच! मी म्हटलं, "मरायचं असेल तर एकटा मर, माझ्या पैशांत नको." हे बोलायला नको होतं. पण बोलले, आणि तेव्हा बरं वाटलं.

नंतर नणंदेचा फोन. "वहिनी, दादाला जरा सांभाळून घे गं. आईसारखंच त्याचं—" मी पुढचं ऐकलंच नाही, ठेवून दिला. आईसारखंच! सासूबाई शेवटी-शेवटी भिंती चाचपत चालायच्या, पण हातात काठी घेतील तर शपथ. तोच हट्ट याच्यात उतरलाय, तो मी का सांभाळून घेऊ?

शनिवार, २३ मार्च

निळी.

जाणारच नव्हते. "आजचा दिवस ये, मग परत ये म्हणणार नाही," असं इतकं म्हणाला की गेले. त्याच शोरूममध्ये विकायला आलेली जुनी गाडी, आधीचा मालक दातांचा डॉक्टर, रविवारीच बाहेर काढायचा. किंमत लालच्या निम्मी. ताकद तिघींत कमी. हा आपणहून शेजारी जाऊन बसला. "तू चालव."

"मी तुझी ड्रायव्हर नाही."

टायवाला मध्येच बोलला, "मॅडमना जड जाईल, सर. मी चालवतो." संपलं! त्याच्या हातातून चावी घेतली, त्याला फुटपाथवरच ठेवला आणि निघाले.

आता खरं लिहिते, इथे कोण बघतंय. सुख आहे ती गाडी. पाय दिला की लगेच ओढते, लालसारखी विचार करत बसत नाही. स्टिअरिंग सांगितलं तेवढंच ऐकतं. शहराबाहेरचा रस्ता मोकळा होता. शेजारी बसून-बसून मी विसरलेच होते की गाडी चालवणं ही मजेची गोष्ट असते! कुणाचा क्लच सांभाळायचा नाही, कुणाला आरसा बघ म्हणून ओरडायचं नाही. आवाज आतून येतो, घसा मोकळा केल्यासारखा. आणि पाय उचलला की टर्बोचा एक छोटा उसासा.

हा डोळे मिटून बसलेला. "तिसऱ्या गिअरमध्ये जरा वेळ राहा," म्हणाला. राहिले.

"आवडली?"

"बरी आहे."

घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. एका चकरेत विरघळले! स्कूल पाहिजे मला. निळी-बिळी नको.

बुधवार, २७ मार्च

त्याने ती बुक केली. मला न विचारता! स्कूलसाठी ठेवलेले पैसे भरूनसुद्धा झाले.

सकाळी मालकांकडे गेले आणि नाही सांगून आले. त्यांनी चहा मागवला, तो मी घेतला नाही. पुतण्या दुपारीच खुर्चीत बसला. पहिला हुकूम काय सोडला असेल? चावीची परीक्षा बंद! म्हणे गिऱ्हाईक पळतं.

बॅग भरली. बहिणीला फोन केला, ती ये म्हणाली. कशाला ते तिने विचारलं नाही, म्हणजे तिलाही कधीपासून कळलंय.

हा दारात उभा. "शनिवारी गाडी मिळतेय. तेवढी माझ्याबरोबर चल. मग जा." बरं! येते. सगळ्या शोरूमसमोर घराची चावी याच्या अंगावर फेकते आणि तिथूनच रिक्षा पकडते. शोभा होऊ दे. माझी कमी झाली का?

शनिवार, ३० मार्च

टायवाल्याने निळीची चावी पुढे केली. बाजूने, याच्या कानाच्या रेषेत. हा समोर बघत उभा, हसतमुख. टायवाल्याचा हात तसाच हवेत. "सर, चावी—" हा आवाजाकडे वळला, तेव्हा कुठे.

फेकायला वर केलेला माझा हात खाली आला.

टायवाल्याकडून चावी मी घेतली. याला म्हटलं, "समोर बघ. दिसली की सांग." कानामागून निघाले. हळूहळू. गाल गेला, डोळ्याची कड गेली. नाकासमोर आली.

"आता," म्हणाला.

काचबिंदू. सासूबाईंचाच. वर्ष होत आलं डॉक्टरांनी सांगून, औषधं स्टुडिओत लपवलेली. समोरचा रस्ता दिसतो तोही यंदापुरताच म्हणे. कागदावर सही करायला गेले तर गाडी माझ्या नावावर. स्कूल गेलं ते गेलंच, ते मी याला माफ केलेलं नाही. बॅगही अजून उघडलेली नाही.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"हेडमास्तरांसारखं घरी बसवू नकोस गं," म्हणाला. "शेजारी बसव."